प्लॅटिनमची मध्यस्थी

सराफाच्या दुकानांत पिवळ्या सोन्याशेजारीं पांढुरकी अंगठी दिसली म्हणजे घरांतील वडील मंडळी नाक मुरडतात, हें आम्हीं पाहिलें आहे. "एवढे पैसे मोजून रुप्यासारखें दिसणारें कशाला घ्यावयाचें?" असा त्यांचा सवाल असतो. दक्षिण अमेरिकेंत हा धातु प्रथम हातीं आला तेव्हां स्पॅनिश लोकांनींहि त्यास 'प्लॅटिना', म्हणजे लहानसें रुपें, असें हिणवणारें नांव दिलें. पण दागिन्यांची गोष्ट बाजूस ठेवून या धातूच्या एका निराळ्याच गुणाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

१८२३ सालीं जर्मनींतील येना येथें डोबरायनर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजन वायूची धार सोडली, तों ती हवेंत आपोआप पेटली. प्लॅटिनम मात्र होतें तसेंच राहिलें. अशा पदार्थांस उत्प्रेरक म्हणतात. लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थाची उपमा येथें चपखल बसेल. दोन घरांची गांठ तो घालून देतो, पण संसार त्याला करावयाचा नसतो. एक कार्य उरकलें कीं दुसऱ्या घरच्या पत्रिका घेऊन तो निघाला.

वेल्समधील स्वॉन्सीचे विल्यम ग्रोव्ह हे व्यवसायानें वकील, पुढें न्यायाधीशहि झाले; पण शास्त्राचा नाद त्यांना जबर होता. वीज सोडली असतां पाण्याचे हायड्रोजन व प्राणवायु वेगळे होतात. मग ते दोघे पुन्हां एकत्र आणल्यास वीज परत मिळेल काय, हा त्यांचा प्रश्न. कांचेच्या नळ्यांत हे वायु भरून, प्लॅटिनमच्या पट्ट्या कांहीं वायूंत व कांहीं सौम्य गंधकाम्लांत राहतील अशा बसवून, १८४२ सालीं त्यांनीं पन्नास जोड्या एकापुढें एक जोडल्या. पांच माणसांनीं हातांत हात धरले तरी सर्वांना धक्का जाणवला, असें त्यांनीं नमूद केलें आहे. त्यांच्या ध्यानांत आणखी एक गोष्ट आली. वायु, आम्ल आणि धातु हीं तिन्ही जेथें भेटतात तेवढ्याच जागीं खरें काम होतें. बाकीचें प्लॅटिनम नुसतें शोभेला! हाच तो इंधनघटाचा आरंभ.

आतां अडचण सांगतों. हायड्रोजनची बाजू सोपी. प्लॅटिनमला स्पर्श होतांच तो इलेक्ट्रॉन सोडून देतो. ते तारेंतून फिरून येतात, तीच आपली वीज. हट्टीपणा आहे तो प्राणवायूचा. त्याचे अणु जोडीनें राहतात, आणि ही जोडी फोडून तिला चार इलेक्ट्रॉन व चार प्रोटॉन द्यावे तेव्हां पाण्याचे दोन रेणु तयार होतात. दोनच इलेक्ट्रॉनांवर काम अडलें, तर जखम धुण्यास वापरतात तें हायड्रोजन पेरॉक्साइड होतें, आणि त्यानें घटांतील पातळ पडद्यास अपाय होतो. हिशेबानें एका घटापासून १.२३ व्होल्ट मिळावयास हवेत. भार पडल्यावर सुमारें ०.६ ते ०.७ च हातीं लागतात, आणि या तुटीचा मोठा वांटा प्राणवायूच्या बाजूचा. साहजिकच बहुतेक प्लॅटिनम तिकडेच घालावें लागतें.

बरें, प्लॅटिनम तरी निर्दोष आहे काय? २००४ सालीं डेन्मार्कमधील नॉर्स्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गणितानें दाखविलें कीं, हा मध्यस्थ प्राणवायूस थोडा अधिकच घट्ट धरून ठेवतो. जो दारींच येत नाहीं तो मध्यस्थ कुचकामाचा. पण जो कार्य उरकल्यावरहि ओसरीवर मुक्काम ठोकतो त्याचाहि उपयोग नाहीं. प्लॅटिनम या दुसऱ्या वर्गाकडे किंचित् झुकतें.

१९६५ च्या ऑगस्टमध्यें 'जेमिनी ५' या अमेरिकन यानांतून इंधनघट आठ दिवस अंतराळांत गेले, तेव्हां खर्चाची पर्वा कोणास होती? मोटारींत तसें चालत नाहीं. जगांतील बहुतांश प्लॅटिनम एका दक्षिण आफ्रिकेंतून येतें, आणि तें कमी लागल्याखेरीज ही बिनधुराची गाडी सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत येणें कठीण. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील लॉस अलामोस येथें ग्रोव्ह यांची ती भेटीची जागाच वाढविण्यांत आली. कोळशाच्या बारीक भुकटीवर प्लॅटिनमचे कण बसवून त्यांत पडद्याचाच प्रोटॉनवाहक पदार्थ मुरविला. चौरस सेंटिमीटरास जेथें ४ मिलिग्रॅम प्लॅटिनम लागे तेथें ०.४ वर भागूं लागलें. हे कण केवढे? मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील तीन-चार भागांएवढे.

२००७ सालीं स्टामेन्कोविच व मार्कोविच यांच्या मंडळीनें तीन भाग प्लॅटिनम व एक भाग निकेल यांच्या स्फटिकाचा एक विशिष्ट पृष्ठभाग नेहमींच्या भुकटीहून नव्वद पट कार्यक्षम असल्याचें प्रसिद्ध केलें. अशा आंकड्यानें हुरळून जाऊं नये. तो प्रयोगशाळेंतील एकसंध स्फटिक. गाडींत भुकटी लागते, आणि आम्लांत निकेल विरघळून निघतें. प्लॅटिनमहि अमर नाहीं. गाडी वारंवार सुरू-बंद केल्यानें लहान कण झिजतात, मोठे फुगतात, आणि कामाची जागा आटते. डिसेंबर २०१४ मध्यें जपानांत विक्रीस आलेल्या टोयोटाच्या 'मिराई' मोटारींत प्लॅटिनमला कोबाल्टची जोड दिली होती.

आणि गंमत अशी कीं, श्वासाबरोबर घेतलेल्या प्राणवायूचें पाणी आपल्या पेशींत क्षणोक्षणीं होत असतें, तें प्लॅटिनमवांचून. तेथें लोह व तांबें यांवर काम भागतें. तोच धडा गिरवून लोह, नायट्रोजन व कोळसा यांचे उत्प्रेरक तयार झाले आहेत. ते स्वस्त आहेत, आरंभीं जोमदारहि असतात. पण घटाच्या आम्लांत लवकर दमतात. त्यांचें आयुष्य वाढविण्याची खटपट अनेक देशांत चालू आहे.

पुण्यांत ऑक्टोबर २०२० मध्यें राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारांत केपीआयटी व सीएसआयआर यांनीं इंधनघटावरील मोटारीची चांचणी घेतली, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें तशीच बस लोकांपुढें आणली. अशा गाडीच्या मागून धूर येत नाहीं. प्राणवायूचा हट्ट पुरविल्यावर उरलेलें पाणी तेवढें बाहेर पडतें.