‘माझ्या हातात काही नाही’

वाजवी अपेक्षेचं तत्त्व या आठवड्यात घेतो असं म्हणालो होतो. ते पुढच्या वेळी. मंगळवारी आलेल्या एका वाचकाच्या पत्रानं दुसरं काही सुचू दिलेलं नाही.

पत्रासोबत परवाना निलंबनाच्या आदेशाची झेरॉक्स आहे. आदेश चार ओळींचा, आणि सुरुवातच ‘वरिष्ठ कार्यालयाकडून प्राप्त सूचनेनुसार’ अशी. वाचक भेटायला गेले तेव्हा सही करणाऱ्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाले, ‘वरून आदेश आहेत. माझ्या हातात काही नाही.’ आता वरच्या साहेबांना कसं गाठायचं, असं वाचकांनी मला विचारलं आहे.

वरच्यांना गाठायच्या आधी हे वाक्य जपून ठेवा, एवढंच मी सांगेन. परवाना देण्या-काढण्याचा अधिकार कायद्यानं ज्याला दिला, सरकारी भाषेत जो ‘सक्षम प्राधिकारी’, त्यानं तो स्वतःच्या बुद्धीनं वापरायचा असतो. सही त्याची आणि निर्णय भलत्याचा, असं असेल तर तो आदेश कोर्टात टिकत नाही, मग तो भलता कितीही वरच्या खुर्चीतला असो.

हे तत्त्व सुप्रीम कोर्टानं ठणकावून सांगितलं ते आपल्या अंधेरीतल्या एका सिनेमा थिएटरवरून. तिथल्या जागेवर थिएटर बांधायला पोलीस कमिशनरांनी आधी नकार दिला. पुढे सल्लागार समितीचं मत घेऊन जुलै १९४७ मध्ये परवानगी दिली. सप्टेंबरात त्याच कमिशनरांच्या कचेरीतून पत्र आलं: परवानगी रद्द झाल्याचं कळवण्याचे मला सरकारचे निर्देश आहेत. आता गंमत बघा. त्या वेळच्या नियमांतल्या २५० व्या नियमानं कमिशनरांना परवाना रद्द करण्याचा पुरेपूर अधिकार होता. सरकारला तो नव्हता. ज्याला अधिकार होता त्यानं निरोप्याचं काम केलं, आणि निर्णय घेतला तो अधिकार नसलेल्यानं.

घटना अजून यायची होती, त्यामुळे हायकोर्टात रिट मागायचं कलम २२६ नव्हतं. मुंबई हायकोर्टात हे प्रकरण उभं राहिलं ते १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या ४५ व्या कलमाखाली. सुप्रीम कोर्टात पोचेपर्यंत १९५१ उजाडलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. हे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते, आणि त्यांचे निकाल मी आजही निव्वळ वाचनाच्या आनंदासाठी काढून बसतो. रद्द करण्याचा निर्णय खरं तर कमिशनरांचाच होता, असं त्यांच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे सांगायचा प्रयत्न झाला. बोस यांनी तो मानला नाही. जाहीर अधिकारात काढलेल्या आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरून लावायचा. अधिकाऱ्याच्या मनात तेव्हा काय होतं हे त्यानं मागाहून सांगून उपयोग नाही. हाच उतारा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये फिरोजपूर मतदारसंघाच्या निवडणुकीच्या खटल्यात उचलला, आणि तिथून तो देशभरच्या वकिलांच्या तोंडी झाला.

मग समितीच्या मतावरून दिलेली आधीची परवानगीसुद्धा उसन्या बुद्धीचीच नव्हे का? हा युक्तिवादही झाला आणि तो फेटाळला गेला. मला या खटल्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. सल्ला घ्यायला बंदी नाही. दहा जणांना विचारावं, वरिष्ठांचं मतही ऐकावं. पण ते पटलं म्हणून स्वीकारलं की हुकूम म्हणून पाळलं, हे पाहायचं.

थिएटरवाल्यांना मिळालं काय? हायकोर्टानं रद्दचा आदेश मागे घ्यायला लावला होता. सुप्रीम कोर्ट तेवढं पुढे गेलं नाही. परवानगी रद्द करा किंवा ठेवा, पण सगळ्या बाजू तोलून स्वतः ठरवा आणि तसा स्पष्ट आदेश काढा, असं त्यानं कमिशनरांना बजावलं. पुष्कळांना हे हात आखडल्यासारखं वाटतं. मला ते योग्य वाटतं. कोर्टानंच परवाना दिला असता तर तोही भलत्याचाच निर्णय झाला असता.

बुलढाण्याचं सावकारीचं प्रकरण अलीकडचं. एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारींबाबत मुख्यमंत्री कार्यालयातून फोनवर सूचना गेल्या, आणि त्या फोनची नोंद पोलीस ठाण्याच्या डायरीत झाली. हायकोर्टानं राज्य सरकारवर बसवलेला २५,००० रुपयांचा खर्च सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये १० लाखांवर नेला. त्या डायरीत नोंद करणाऱ्या हाताचं मला फार कौतुक आहे.

आता पत्रलेखकांसाठी. प्रथम मूळ कायदा उघडून पाहा. काही कायदे सरकारला निर्देश देण्याचा अधिकार स्वतःच देतात. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १५४ तसं आहे. तुमच्या कायद्यात असं कलम असेल तर माझं वरचं बरंचसं म्हणणं तुम्हाला लागू पडणार नाही. नसेल, तर माहिती अधिकारात फाईलवरच्या टिपणीची प्रत मागा आणि साहेबांच्या स्वतःच्या विचाराची एखादी तरी ओळ तिच्यात आहे का ते बघा. अपिलाची मुदत मात्र त्यासाठी थांबत नाही. टिपणीची वाट न पाहता अपील दाखल करा, आणि प्रत हाती आली की मला पाठवा.