वाफेचा हिशेब

वाइन बिघडली की तिला नेलपॉलिशसारखा वास मारतो, हे नाशिकच्या वाइनवाल्यांना सांगायला नको. तो वास इथिल अ‍ॅसिटेटचा. त्यांना नकोसं झालेलं हेच द्रावक गोदाकाठानेच खाली, कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीत, मुद्दाम बनवलं जातं. शाईला लागतं, चिकटद्रव्यांना लागतं. कृती सोपी वाटते: अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्ल एकत्र तापवा. पण तयार झालेलं पाणी आणि इथिल अ‍ॅसिटेट उलट फिरून पुन्हा अल्कोहोल आणि आम्ल होऊ लागतात. बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८६२च्या सुमारास हे मोजलं होतं; दोन्हींचे रेणू सारखे घेतले तर गाडी दोन-तृतीयांशावर अडते. उरलेलं उकळून वेगळं करायचं, परत आत सोडायचं. दर फेरीला वाफ खर्ची पडते. यावर तोड म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह डिस्टिलेशन: त्यात क्रिया आणि ऊर्ध्वपातन एकाच मनोऱ्यात चालतं. माल तयार होता होताच बाजूला काढला, की उलट फिरायला काही उरत नाही. अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्जपोर्टला ईस्टमन कंपनीने १९८०च्या दशकात मिथिल अ‍ॅसिटेट असं काढलं. जड आम्ल वरून उतरतं, मिथेनॉलची वाफ खालून चढते, ताटलीताटलीवर दोघांची गाठ पडते; माथ्यावर ५७ अंशांचं मिथिल अ‍ॅसिटेट, तळाशी पाणी. ऊर्जा आणि भांडवल जुन्या पद्धतीच्या पाचव्या हिश्शावर आलं.

साकरवाडीच्या मालाला हा आकडा जसाच्या तसा लावणं मात्र फसवं ठरेल. इथिल अ‍ॅसिटेट ७७ अंशांना उकळतं, अल्कोहोल ७८ला, आणि पाण्यासकट तिघं मिळून ७०लाच निघून जातात. म्हणजे दुसरा मनोरा आलाच. तरी न झालेल्या क्रियेच्या फेऱ्या कमी होतात, तेवढी वाफ वाचते. साखरपट्ट्यात यावर ठरलेलं उत्तर असतं: बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, घरचाच, वाफ फुकट. पण वाचलेल्या बगॅसची वीज विकता येते, गाळप संपल्यावर बॉयलरही त्यावर चालतो, फुकट कसली? दुसरी तक्रार खरी आहे. क्रियेला वेग देणारा, मनोऱ्यात भरलेला उत्प्रेरक थकला की अख्खा मनोरा थांबवावा लागतो, आणि माल वरचेवर बदलणाऱ्या कारखान्याला जुनं भांडंच बरं. माझ्या मते या मनोऱ्याची खरी जागा डिस्टिलरीच्या टाकाऊत आहे. पाणचट अ‍ॅसिटिक आम्लातलं पाणी उकळून काढणं परवडत नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक संजय महाजनी आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या कामात त्यातलं आम्लच आयसोअमाइल अल्कोहोलशी जोडून मनोऱ्यात धरलं. हे अल्कोहोल फ्युजेल ऑइल या डिस्टिलरीच्या टाकाऊ तेलात असतंच. हाती येतं ते द्रावक पाण्यात फारसं मिसळत नाही, तेलासारखं वर तरंगतं, आणि त्याला पिकल्या केळ्याचा वास येतो.