जुगार आणि घरखर्च (भाग ५) : मर्यादा महिन्याची की हंगामाची?

हरलेले पैसे काढून घेण्यासाठी आणखी मोठी रक्कम लावण्याच्या ज्या प्रवृत्तीचा विचार मागील भागात झाला, तिला आवर घालण्याचा एक मार्ग म्हणजे स्वमर्यादा, अर्थात रक्कम, दिवस आणि खेळांचे प्रकार यांवर खेळण्याआधीच स्वतः घातलेले बंधन होय. कॅनडात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या १ टक्क्याहून अधिक रक्कम लावू नये, महिन्यात ४ हून अधिक दिवस खेळू नये आणि दोनहून अधिक प्रकारांत नियमितपणे गुंतू नये.

ही सूत्रे दरमहा पगार येणाऱ्या घराला सहज लागू पडतात. परंतु अकोला-अमरावतीकडील कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा महिन्यामागे नव्हे, तर हंगामामागे येतो. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला, जेव्हा अनेक गावांत पत्त्यांचे डाव बसतात, तेव्हा पेरणी, खत आणि फवारणी यांवर हात रिकामा झालेला असतो आणि कापसाचा पहिला वेचा यायला अजून दसऱ्यापर्यंतचा अवकाश असतो, म्हणून त्या दिवशी डावावर येणारा पैसा बहुधा पीककर्जाचा किंवा उसनवारीचा असतो. वर्षाचे उत्पन्न १ लाख २० हजार रुपये धरले, तर वरील सूत्राने महिन्याला १०० रुपये निघतात; मात्र कर्जाच्या पैशाला हे सूत्र लावताच येत नाही, कारण ते उत्पन्नच नव्हे.

नॉर्वेत सरकारी कंपनी खेळणाऱ्याच्या मासिक नुकसानीवर स्वतःच कमाल मर्यादा घालते, परंतु वरली मटक्याची पट्टी लिहिणारा तसे करत नाही, कारण त्याचा धंदाच हरण्यावर चालतो : दहापैकी एका आकड्यावर लावलेल्या रुपयाला सर्वसाधारणपणे ९ रुपये मिळत असल्याने दीर्घकाळात दर शंभरामागे १० रुपये खेळणाऱ्याच्या हातून जातात. शिवाय मटका १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने, तर पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ संसदेच्या २०२५ च्या कायद्याने निषिद्ध असल्यामुळे तेथे कायदेशीर मर्यादा शून्यच ठरते आणि ती पाळण्याची व्यवस्था घरालाच उभारावी लागते. माल विकल्याबरोबर कर्जाचा हप्ता, बियाणे आणि मुलांची फी बाजूला काढून घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात ठेवणे, बँकेची सोय असल्यास यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करून घेणे आणि उधारीवर कधीही न खेळणे, हे तिचे मुख्य भाग होत.

तथापि ठरवूनही ज्याला थांबता येत नाही, त्याच्यासाठी मर्यादा हा उपचार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराचे व्यसन हा विकार मानला असून त्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

(पुढील भाग : जुगाराची उधारी आणि सावकारी)