उल्कांचे छायाचित्रण आणि शीघ्र भिंग

उल्कावर्षावाच्या रात्री उघड्या डोळ्यांनी अनेक उल्का मोजणाऱ्या निरीक्षकाने त्याच वेळी काढलेली छायाचित्रे तपासली, तर त्यांत जेमतेम थोड्याच उल्कारेषा आढळतात. वास्तविक त्याच छायाचित्रांत डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य तारका उमटलेल्या असतात. ही विसंगती कशी उद्भवते आणि उल्केसाठी भिंग कोणत्या कसोटीवर निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कॅमेरा आकाशाच्या गतीबरोबर फिरत असल्यास तारकेचा प्रकाश संवेदकावरील एकाच बिंदूवर साठत राहतो. हा संचय भिंगाच्या व्यासाच्या वर्गाच्या आणि प्रकाशनकालाच्या प्रमाणात असतो. उल्केची गोष्ट निराळी आहे. तिची प्रतिमा संवेदकावरून धावत जाते व प्रत्येक बिंदूवर ती क्षणमात्रच असते. समजा, भिंगाचे नाभ्यंतर ५० मिमी आहे आणि उल्का सेकंदास १० अंश या वेगाने सरकत आहे. तिची प्रतिमा सेकंदाला सुमारे ८.७ मिमी सरकेल, म्हणजे ०.०१ मिमीच्या एका बिंदूवर ती सुमारे १/८७० सेकंदच थांबेल. झडप २० सेकंद उघडी ठेवली, तरी उल्केच्या दृष्टीने खरा प्रकाशनकाल हाच. केवळ प्रकाशसंचय पाहिला, तर तारकेला उल्केच्या तुलनेने १७,००० पटींहून अधिक, म्हणजे सुमारे साडेदहा प्रतींचा, लाभ मिळतो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, प्रकाशनकाल वाढवल्याने अधिक मंद उल्का सापडत नाहीत. त्याने आकाशाची पार्श्वदीप्ती मात्र वाढते आणि क्षीण रेषा तीत बुडून जाते. पार्श्वदीप्ती संवेदकाच्या वाचनदोषाच्या किंचित वर येताच प्रकाशन थांबवून दुसरे लगेच सुरू करणे श्रेयस्कर. दुसरा निष्कर्ष असा की, नाभ्यंतर वाढले की प्रतिमेचा वेग त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून उल्केसाठी भिंगाची शक्ती व्यासाचा वर्ग भागिले नाभ्यंतर या राशीने मोजावी लागते.

आता एफ/१.४ ची दोन भिंगे घेऊ. ५० मिमी भिंगासाठी ही राशी सुमारे २५.५ मिमी, तर २४ मिमी भिंगासाठी सुमारे १२.२ मिमी येते. पहिले भिंग सुमारे ०.८ प्रतीने अधिक मंद उल्का टिपते. प्रत्येक प्रतीगणिक उल्कांची संख्या अडीचपट होते असे धरल्यास, समान क्षेत्रात ते दुप्पट उल्का पकडील. तथापि ३६ × २४ मिमी संवेदकावर दुसऱ्या भिंगाचे आकाशक्षेत्र सुमारे ३.४ पट आहे. म्हणून एकूण संख्येत रुंद भिंगच दीडपटीहून अधिक सरस ठरते. परंतु हेच भिंग एफ/२.८ पर्यंत आवळले, तर दीड प्रतीची हानी होऊन चारांपैकी तीन उल्का हातच्या जातात. पूर्ण उघड्या छिद्रात कडेच्या प्रतिमा पसरट होतात, हे खरे. पण त्या सुधारण्यासाठी अर्ध्या पायरीहून अधिक आवळणे उल्केच्या बाबतीत महाग पडते.

उल्केचा स्वतःचा वेगही येथे निर्णायक असतो. ययाती उल्का वातावरणात सेकंदास सुमारे ५९ किमी वेगाने शिरतात, तर मिथुन उल्का सुमारे ३५ किमी वेगाने. इतर गोष्टी समान असता समान तेजाची मिथुन उल्का अर्ध्या प्रतीहून थोडी अधिक ठळक उमटते. शिवाय ययाती वर्षाव ऑगस्टमध्ये, आपल्याकडे ऐन पावसाळ्यात येतो. मिथुन वर्षाव मात्र डिसेंबरच्या निरभ्र रात्री, १३-१४ तारखांच्या सुमारास येतो.

उल्केचे पहिले ज्ञात छायाचित्र प्राग येथे लाडिस्लाउस वाइनेक यांनी २७ नोव्हेंबर १८८५ रोजी घेतले. हार्वर्डमध्ये फ्रेड व्हिपल यांनी १९३६ पासून दोन केंद्रांवरून एकाच वेळी छायाचित्रे घेण्याचा उपक्रम चालवला. त्यापुढे जेम्स बेकर यांनी रचलेला सुपर-श्मिट कॅमेरा १९५१ मध्ये न्यू मेक्सिकोत कामाला लागला. त्याचे छिद्र सुमारे ३१ सेंमी आणि नाभ्यंतर सुमारे २० सेंमी होते. वरील राशी त्याच्या बाबतीत ४८० मिमीच्या घरात जाते. आपल्या ५० मिमी भिंगाहून ती सुमारे १९ पट, म्हणजे तीन प्रतींहून अधिक आहे.

केवळ रेषा उमटली म्हणजे कार्य संपले असे नव्हे. भिंगापुढे फिरती झडप ठेवली की रेषेचे समान कालांतराचे तुकडे पडतात व त्यांवरून कोनीय वेग मिळतो. दुसऱ्या केंद्रावरील चित्र जोडले की उंची, खरा वेग आणि अखेर सूर्याभोवतीची कक्षा निश्चित होते. ७ एप्रिल १९५९ रोजी चेकोस्लोव्हाकियातील प्रशिब्राम येथे पडलेल्या अशनीचे असे छायाचित्रण झाले होते. झ्देन्येक त्सेप्लेखा यांच्या गणनेवरून अशनीचे तुकडे शोधून काढता आले, आणि तिची कक्षा मंगळ व गुरू यांमधील लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत पोचत असल्याचे प्रथमच सिद्ध झाले. हातात घेता येणाऱ्या दगडाचा उगम आकाशात कोठे आहे, हे सांगण्याचे सामर्थ्य त्या तुटक रेषेत होते. म्हणून विद्यार्थ्याने भिंग निवडताना चित्र किती सुंदर येईल हे न पाहता, रेषा मोजता येण्याइतकी ठळक उमटेल काय, हाच प्रश्न प्रथम विचारावा.