देवासच्या छत्र्या आणि नाईलकाठच्या शवपेट्या

देवासला मीठा तलावाच्या काठी पवार राजघराण्याच्या छत्र्या आहेत. धार येथेही त्या घराण्याच्या छत्र्या आहेत. त्यांत देह मात्र नाही. देह अग्नीच्या स्वाधीन होतो, अस्थी नदीत जातात आणि स्मृतीसाठी दगडी वास्तू उभी राहते. प्राचीन ईजिप्तमधील समजूत याच्या उलट होती. देह टिकला तरच परलोकीचे जीवन टिकेल, असे तेथील लोक मानीत. म्हणून त्यांची कला शवपेटीवर खर्ची पडली.

त्या देशात चांगले लाकूड दुर्मिळ. धनिकांसाठी लेबनॉनहून देवदाराच्या जातीचे लाकूड येई. इतरांच्या पेट्या उंबराच्या जातीच्या स्थानिक झाडाच्या वेड्यावाकड्या तुकड्यांच्या. सुतार ते खुंट्यांनी जोडी, फटी लिंपी, वर पातळ लेप देई. मग चित्रकार पुढे येई. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या कित्येक पेट्यांच्या एका बाजूवर दोन मोठे डोळे रंगविलेले आढळतात. आत कुशीवर निजविलेल्या मृताचे तोंड नेमके तेथे असे. त्या डोळ्यांनी त्याने उगवता सूर्य पाहावा. किती साधी आणि किती हृद्य कल्पना ही! पुढे पेटीलाच मानवी आकार आला.

सर्वांत मोलाचे मात्र पेटीवरील नाव. ते पुसले गेले तर मृताचे अस्तित्वच लोपेल, अशी धास्ती असे. तरीही इ. स. पू. १००० च्या सुमारास, लाकडाची टंचाई पडल्यावर, कित्येक जुन्या पेट्या रिकाम्या करून, नव्याने रंगवून दुसऱ्यांच्या नावे करण्यात आल्या. त्यांतील काहींवर आजही नव्या रंगाखाली जुनी चित्रे दिसतात, आणि क्वचित पहिल्या धन्याचे नावही.