उसन्या साक्षीदारांची दोन दशकं

भरतीची जाहिरात, पीक विम्याची यादी, दहावी-बारावीचा निकाल आणि सातबारा. बीड जिल्ह्यातला माणूस गूगलकडे वळतो तो बहुतेकदा यांपैकी एखाद्या कामासाठी. आष्टीतल्या पोराला तलाठी भरतीची शेवटची तारीख हवी असते, माजलगावच्या शेतकऱ्याला विम्याचा अर्ज कुठे भरायचा ते. उत्तर सरकारी संकेतस्थळावर असतं, पण शोधल्यावर आधी समोर येतं ते अनेकदा भलत्याच कुणाचं तरी पान. ते पान तिथवर कसं चढलं याची गोष्ट जवळपास वीस वर्षांची आहे, आणि तिच्यात फुकट मिळणाऱ्या ब्लॉगांचा वाटा मोठा आहे.

मूळ कल्पना सुंदर होती. 1998 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलं की, पानाची किंमत त्यावर काय लिहिलंय एवढ्यावरूनच ठरवू नये. इतर किती पानांनी त्याच्याकडे बोट दाखवलंय आणि ती पानं स्वतः किती भरवशाची आहेत, हेही मोजावं. म्हणजे लिंक ही साक्ष. अंबाजोगाईच्या एखाद्या महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर दासोपंतांच्या पासोडीवरच्या लेखाची लिंक दिली, तर त्या लेखाच्या बाजूने एक जाणता साक्षीदार उभा राहिला. या हिशेबाला पेजरँक नाव पडलं. ब्राउझरच्या टूलबारमध्ये 0 ते 10 असा आकडा दाखवणारी हिरवी पट्टी दिसायची आणि साईट चालवणारे रोज तिच्याकडे डोळे लावून बसायचे. 2016 मध्ये गूगलने ती लोकांना दाखवणं बंद केलं, पण तोवर लिंकांचा बाजार पक्का बसला होता.

मराठीत हे सगळं उशिरा आलं, कारण मराठी मजकूर शोधताच येत नव्हता. वर्तमानपत्रांच्या साईट श्रीलिपी, आकृती अशा आपापल्या फॉन्टमध्ये असत. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरं. युनिकोड रुळलं, बराहा आणि गमभनसारखी टंकलेखनाची साधनं हाती आली, तेव्हा कुठे देवनागरीत शोधता येण्याजोगं काही साठू लागलं. ते साठलं मुख्यतः फुकटच्या ब्लॉगांवर. ब्लॉगर ही सेवा 1999 मध्ये सुरू झाली, 2003 मध्ये गूगलने ती विकत घेतली, आणि 2005 मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम आलं. स्वतःचं डोमेन घ्यायचं तर डॉलरमध्ये पैसे भरणारं कार्ड लागे, होस्टिंगचं बिल दरवर्षी येई. बीडच्या सुभाष रोडवरच्या नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्या पोराला यातलं काहीच परवडणारं नव्हतं. ईमेलचं खातं असलं की ब्लॉग मात्र दहा मिनिटांत उभा राहायचा.

त्या पहिल्या काही वर्षांबद्दल मला आजही मनापासून आदर आहे. कुणी शेतीवर लिहिलं, कुणी गावच्या यात्रेवर, कुणी नुसत्या कविता टाकल्या. उजव्या बाजूच्या पट्टीत 'माझे आवडते ब्लॉग' म्हणून पाच-पंचवीस नावं असायची. ती नावं वाचून, आवडून दिलेली असत. स्टार माझा वाहिनीने 'ब्लॉग माझा' ही स्पर्धा घ्यायला सुरुवात केली, इतकं ते लेखन जिवंत होतं. पेज आणि ब्रिन यांना अपेक्षित असलेली साक्ष ती हीच.

मग धंद्याच्या लोकांच्या लक्षात एक गोष्ट आली. दुसऱ्यांच्या ब्लॉगखाली प्रतिक्रियांमध्ये लिंका चिकटवून ठेवायची खोड तेव्हा बोकाळली होती. तिला आळा घालायला जानेवारी 2005 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून 'नोफॉलो' ही खूण आणली. खूण असलेली लिंक साक्ष म्हणून धरली जात नसे. प्रतिक्रियांचा रस्ता असा बंद झाला. पण स्वतःच्या ब्लॉगवर स्वतः लिहिलेल्या लेखातली लिंक पूर्ण वजनाची राहिली. ब्लॉगरवर एका खात्यातून 100 ब्लॉग काढता येतात, आणि खाती हवी तेवढी उघडता येत होती. म्हणजे साक्षीदारच घरी तयार करता येऊ लागले.

असा ब्लॉग कसा असायचा ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. पत्त्यात शोधाचेच शब्द, मध्ये आडव्या रेघा घालून जोडलेले. आत तीन किंवा चार लेख, सगळे एकाच आठवड्यात टाकलेले, नंतर शुकशुकाट. लेख बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळावर. पहिल्या परिच्छेदात बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाल्याची माहिती, तीही कुठून तरी जशीच्या तशी उचललेली. दुसऱ्या परिच्छेदात सीताफळाचे आरोग्याला फायदे. आणि मधेच, वाक्याशी काहीही संबंध नसताना, निळ्या अक्षरांत 'झटपट वैयक्तिक कर्ज'. त्यावर टिचकी मारली की कर्ज देणाऱ्या कुठल्या तरी साईटवर. सीताफळ उगीच. तो लेख वाचकासाठी लिहिलेलाच नसतो, त्या तीन निळ्या शब्दांना टेकू म्हणून तो उभा केलेला असतो. यावरही समाधान नसलेले लोक दुसरी फळी उभारत. कर्जाच्या साईटकडे बोट दाखवणारे दहा ब्लॉग, आणि त्या दहांकडे बोट दाखवणारे आणखी पन्नास. इंग्रजीत हे काम पाच डॉलरला करून देणारे फायव्हर या किरकोळ कामं मिळवण्याच्या संकेतस्थळावर रांगेने बसले होते.

मराठीवर या प्रकाराचा परिणाम इंग्रजीपेक्षा वेगळा झाला, आणि माझ्या मते जास्त वाईट झाला. इंग्रजीत एखाद्या विषयावर लाखो पानं आणि त्यांच्यामध्ये कोट्यवधी खऱ्या लिंका. तिथे पन्नास खोटे ब्लॉग म्हणजे किस झाड की पत्ती. 'बीड जिल्हा परिषद भरती' या शोधासाठी मराठीत खऱ्या लिंका जवळजवळ नसतातच. शाळा, महाविद्यालयं, पंचायत समित्या, स्थानिक वृत्तपत्रं एकमेकांना लिंक देत नाहीत. ती सवयच आपल्याकडे लागली नाही. खरा साक्षीदार गैरहजर असला की आठ-दहा उसने साक्षीदार निकाल फिरवायला पुरतात. म्हणून मोठमोठ्या कंपन्यांना इंग्रजीत जमलं नाही ते एका खोलीत बसून दोन पोरांना मराठीत जमत होतं.

या पोरांना मी गुन्हेगार म्हणणार नाही. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात, जिथे परळीचं वीज केंद्र आणि साखर कारखाने सोडले तर सांगण्याजोगे उद्योग फारसे नाहीत, तिथे घरबसल्या डॉलर मिळवून देणारं काम कोण नाकारेल? 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि गावागावात फोनवर नेट पोचलं. 2017 मध्ये गूगलचं मराठी भाषांतर नव्या पद्धतीवर गेलं आणि इंग्रजी लेख टाकला की वाचता येईल इतपत मराठी बाहेर पडू लागलं. 2018 मध्ये गूगलच्या अ‍ॅडसेन्स या जाहिरात सेवेने मराठी पानांवर अधिकृतपणे जाहिराती द्यायला सुरुवात केली. वाचक, मजकूर आणि पैसा हे तिन्ही दोनेक वर्षांत हाताशी आल्यावर 'योजना' आणि 'भरती' यांच्या साईटी पावसाळ्यातल्या गवतासारख्या माजल्या. प्रत्येकीच्या पाठीशी फुकटच्या ब्लॉगांचा ताफा.

गूगल तोवर गप्प नव्हतं. 24 एप्रिल 2012 ला पेंग्विन नावाचा बदल आला आणि बनावट लिंकांवर उभ्या असलेल्या असंख्य साईट एका रात्रीत खाली गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्याकडे येणाऱ्या नकोशा लिंका नाकारण्याचं साधन दिलं गेलं. ज्यांनी पैसे देऊन लिंका लावून घेतल्या होत्या, तेच आता त्या काढून टाका म्हणून विनवण्या करू लागले. 2014 च्या सप्टेंबरात खासगी ब्लॉगांच्या जाळ्यांवर कारवाई झाली. 2016 मध्ये पेंग्विन गूगलच्या मुख्य यंत्रणेतच मिसळला आणि बहुतेक खोट्या लिंकांना शिक्षा करण्याऐवजी त्या शून्य धरू लागला. एक गैरसमज मात्र कायम राहिला. ब्लॉगरचे ब्लॉग ज्या पत्त्याखाली असतात ते ब्लॉगस्पॉट गूगलचंच, म्हणून त्यावरच्या लिंकेला गूगलचं वजन मिळतं, असं साईट शोधात वर आणायला शिकवणाऱ्या क्लासांमध्ये सांगितलं जाई. तसं नसतं. त्या पत्त्याखालचा प्रत्येक ब्लॉग गूगल स्वतंत्र साईट म्हणून धरतं आणि नव्या कोऱ्या ब्लॉगची स्वतःची पत शून्यच असते.

जागा फुकट, पण आपली नाही, याचा सगळ्यात कडू अनुभव 2020 मध्ये आला. भारतातल्या वाचकांना 2012 पासून काही वर्षं ब्लॉगरचे ब्लॉग ब्लॉगस्पॉट डॉट इन या पत्त्यावर दिसत. लोकांनी तोच पत्ता उचलून लिंका दिल्या, चोपड्यांत लिहून ठेवला, लेखांखाली छापला. 2020 मध्ये त्या डोमेनची मालकी गूगलच्या हातून गेली, ते दुसऱ्याच कुणी घेतलं, आणि त्या पत्त्याच्या लाखो लिंका मेल्या. लेख ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवर शाबूत होते, पण त्यांच्याकडे दाखवलेली बोटं हवेत राहिली. बनावट ब्लॉगवाल्यांचं यात फार बिघडलं नाही, त्यांनी नवे ब्लॉग काढले. नुकसान झालं ते गावच्या इतिहासावर, संतसाहित्यावर दहा वर्षं सावकाश लिहिलेल्यांचं आणि त्यांना वाचून लिंक देणाऱ्यांचं.

डिसेंबर 2022 मध्ये बनावट लिंका ओळखायला गूगलने स्पॅमब्रेन ही स्वयंचलित यंत्रणा लावली. मार्च 2024 मध्ये यंत्राने ढिगाने पाडलेला मजकूर आणि जुनी सोडलेली डोमेन घेऊन त्यांच्या नावावर चढणं, दोन्ही नियमाने बंद झालं. आज फुकटच्या ब्लॉगवरून बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साईटवरून आपल्याकडे येणारी लिंक, मिळवून देतो म्हणणारा माणूस बाद झालेलं नाणं विकतो आहे. तरी जून 2024 च्या शेवटी लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा तिच्या नावाच्या पानांचा पूर आलाच.

ज्यांना या साऱ्याची झळ लागते ती माणसं मला दिसत राहतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. गेवराईच्या किंवा पाटोद्याच्या मुलीने त्या योजनेचा अर्ज शोधायचा तर तिला एका पानावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर फिरावं लागतं, प्रत्येक ठिकाणी 'येथे क्लिक करा' आणि अर्ज कुठेच नाही. समाजकल्याण कार्यालय, तिची शाळा आणि तालुक्याचं वर्तमानपत्र या तिघांनी आपापल्या साईटवरून मूळ पानाला एकेक लिंक दिली असती, तर इतक्या विरळ भाषेत तेवढ्यानेसुद्धा ते पान वर आलं असतं.

खरी साक्ष देण्याची जागा आता बदलली आहे. धारूर, केज, वडवणीच्या भरतीच्या जाहिराती आज व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर फिरतात. तिथे ओळखीचा माणूस ओळखीच्या माणसाला 'हे बघ, अधिकृत आहे' म्हणून लिंक पाठवतो. अशा खासगी ग्रुपांत चालणारी ही शिफारस गूगलच्या मोजणीत येत नाही. शंभर जणांनी खात्री करून पुढे पाठवलेलं सरकारी पान शोधात जिथे होतं तिथेच राहतं, आणि ग्रुपमध्ये नसलेल्या मुलीला ते तिसऱ्या पानावरच सापडतं.