स्क्रीनवरचे 27 अंश

इंजिनात ठिणगी कधी पडावी? पिस्टन अगदी वर, म्हणजे टीडीसीला पोचला की, असं आपल्याला वाटतं. पण मिश्रण जळायला वेळ लागतो. आमच्या लॅबमधलं गॅस जनरेटरचं इंजिन 1500 आरपीएमवर चालतं, म्हणजे एका मिलिसेकंदात क्रँक 9 अंश फिरतो. टीडीसीची वाट बघत बसलो तर दाब वाढेपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो. म्हणून ठिणगी वीस-पंचवीस अंश आधी द्यायची. फारच आधी दिली तर वर येणाऱ्या पिस्टनला दाब उलटा अडवतो, नॉकिंगची भीती वाढते.

आता कंट्रोलरला क्रँक कुठे आहे हे कळतं कसं? फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर एक चुंबकीय पिकअप असतो. दाते 160 असतील तर दर दात्याला 2.25 अंश, मधले अंश कंट्रोलर वेळेवरून काढतो. पण दाते सगळे सारखेच! मोजणी सुरू कुठून करायची? त्यासाठी फ्लायव्हीलवर एक वेगळी खूण आणि तिच्यासमोर दुसरा पिकअप. शिवाय फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. हा फरक कॅमशाफ्टवरचा सेन्सर सांगतो.

खूण आणि टीडीसी यांच्यातलं अंतर मात्र आपणच कंट्रोलरमध्ये भरायचं असतं. माझा घोळ इथेच झाला.

नैसर्गिक वायूवर सगळ्यात जास्त टॉर्क 22 अंशांवर मिळाला होता. मग बायोगॅस लावला, तर 27 वर. बायोगॅसमधल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ज्योत मंदावते, ठिणगी आधी द्यावी लागते, हे पुस्तकातही आहे. 5 अंशांचा फरक बघून मी खूश! उत्तर हवं तसं आलं की आपण तपासत नाही, हे खरं.

तीन आठवड्यांनी सहज टायमिंग लाइट लावला. स्क्रीनवर 27, फ्लायव्हीलवर 24. मध्यंतरी सर्व्हिसिंगला खुणेच्या पिकअपचा ब्रॅकेट काढून परत बसवला होता, तो स्लॉटमध्ये सेंटिमीटरभर सरकलेला. कंट्रोलरमधलं अंतर जुनंच. स्क्रीन दाखवते तो आपण दिलेला हुकूम. ठिणगी प्रत्यक्षात कुठे पडली, ते तिला ठाऊकच नसतं.

फ्लायव्हीलवरची खूण तरी बरोबर आहे ना? तेही डायल गेजने पाहिलं. टीडीसीजवळ पिस्टन जवळपास हलत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे बिंदू घेऊन मधला काढायचा. खूण बरोबर होती.

"सर, सगळ्या रीडिंगमधून 3 वजा करू?"

"अगं, पण तीन आठवड्यांत तो ब्रॅकेट आणखी हलला नाही, हे कशावरून?"

उत्तर नव्हतं. बायोगॅसची सगळी रीडिंग पुन्हा घेतली, रोज आधी टायमिंग लाइट लावून. 5 अंशांचा फरक आता 2 वर आलाय.